चंद्रकलाबाईंचा खून

माणसाला एखादं व्यसन असावं, पण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजेल असं असावं. तंबाखू समजते, रमी समजते. साठी ओलांडलेला गृहस्थ रात्री जेवणानंतर, निळ्या खोक्यात बसून काळाच्या मागंपुढं हिंडणाऱ्या एका परग्रहवासी डॉक्टरची मालिका बघतो, हे मात्र आमच्या द्रोणागिरीत कुणाला पटवून देता येत नाही. 'डॉक्टर हू' म्हटलं की लोक विचारतात, "कुठं बसतात? उरणला की पनवेलला?"

बीबीसीनं ही मालिका १९६३ साली सुरू केली. तिचा १७ मे २००८ रोजी दाखवलेला 'द युनिकॉर्न अँड द वास्प' हा भाग मी सात-आठ वेळा तरी पाहिला असेल. साल १९२६. इंग्लंडातला सरदारी वाडा, हिरवळीवर मेजवानी आणि पाहुण्यांत खुद्द अगाथा ख्रिस्ती! ग्रंथालयात एका प्रोफेसरांचा शिशाच्या नळीनं खून होतो. खुनी कोण, हे सांगायला माझी हरकत नाही, कारण ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही ते माझ्या सांगण्यावरून पाहणार नाहीत, हा माझा अनुभव आहे. खुनी आहे म्हशीएवढी गांधीलमाशी. एरवी ती पाद्री म्हणून वावरते.

हसू नका. ख्रिस्तीबाई डिसेंबर १९२६ मध्ये खरोखरच अकरा दिवस नाहीशा झाल्या होत्या. नवऱ्याचं दुसरीकडे जुळलेलं. हॅरोगेटच्या हॉटेलात त्या सापडल्या तेव्हा वहीत नाव लिहिलं होतं त्या दुसरीच्या आडनावाचं! त्या अकरा दिवसांचा उलगडा बाईंनी आत्मचरित्रातही केला नाही. मग एखाद्यानं तिथं गांधीलमाशी बसवली तर काय बिघडलं? डिसेंबरातल्या इंग्लंडात हिरवळीवर एवढं ऊन कसं, हा प्रश्न मात्र मी जपून ठेवला आहे. पण तो विचारायला दुसरा पाहणारा हवा ना!

तो परवा मिळाला. स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून सौ. गवार निवडायला बाहेर येऊन बसली. बसली ती टीव्हीकडे पाठ करून.

"चंद्रकला" असा आवाज आला आणि तिनं मान वळवली.

"काय नाव म्हणाले?"

"मिस चंद्रकला. वाड्याची कारभारीण. सरदारीणबाईंबरोबर हिंदुस्थानातून आलेली. लीना धिंग्रा म्हणून नटी आहे."

"माझ्या आईची एक चंद्रकला होती. काळीभोर, लाल काठाची," असं म्हणून तिनं गवारीसकट तोंड इकडे फिरवलं. मला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! आणि दहा मिनिटांत वरून दगडी पुतळा पडून चंद्रकलाबाई खलास.

"मेली?"

"मेली."

"आपली एवढी एक होती, तीच मारली?"

मी घाईघाईनं डॉक्टरवर विषप्रयोग होतो तिथवर आणलं. सायनाइड पोटात गेल्यावर तो स्वयंपाकघरात धावतो, आल्याची बिअर पितो, अक्रोड खातो, खारवलेले मासे तोंडात कोंबतो आणि डॉनाला म्हणतो, आता मला धक्का दे. ती त्याचं चुंबन घेते. इथं माणसं हटकून हसतात. सौ. म्हणाली, "लक्ष्मणासाठी मारुतीनं अख्खा डोंगर उचलला. ह्याचं अक्रोडावर भागलं." त्या डोंगराचा तुकडा पडून आमचा द्रोणागिरी झाला, असं इथं सांगतात. तेव्हा हा स्थानिक अभिमानाचा प्रश्न होता.

पुढं उलगडा झाला. ज्याला दोष द्यायचाच नव्हता तो कर्नल उगाच चाकांच्या खुर्चीतून उठून उभा राहिला. बायको सोडून जाईल म्हणून पांगळ्याचं सोंग घेतलं होतं त्यानं. सरदारीणबाईंची चाळीस वर्षांपूर्वीची दिल्ली निघाली, यमुनेच्या पुरात गेलेला प्रियकर निघाला, हिवतापाचं निमित्त करून सहा महिने दार लावून घेणं आणि मूल अनाथाश्रमात देणं निघालं. बाई ख्रिस्तीची कादंबरी वाचत होत्या. ती गळ्यातल्या रत्नातून त्या मुलाच्या, म्हणजे पाद्र्याच्या डोक्यात उतरली आणि त्याला वाटलं, जग असंच चालतं. मला हे अगदी पटतं. बाबूराव अर्नाळकर वाचून मीही वर्षभर प्रत्येक उंच माणसाला काळा पहाड समजत होतो.

मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "कसं वाटलं?"

"त्या चंद्रकलेच्या घरी कुणी कळवलं का?"

"अगं, गोष्ट आहे ती."

"दार लावून घेतलं तेव्हा जेवणाचं ताट आत कोण नेत होतं? तीच ना? चाळीस वर्षं तोंड मिटून राहिली. मरतानासुद्धा 'बिचारं पोर' म्हणाली. तिच्यासाठी कुणी दोन टिपं गाळली?"

संवादांत ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांची नावं कुठं कुठं दडवली आहेत, ते मी झोपेत सांगेन. हे मला ठाऊक नव्हतं. मागं जाऊन पुन्हा पाहिलं. पुतळा पडला होता, बाई गेल्या होत्या आणि मंडळी माशीमागं धावत सुटली होती. दर वेळी मीही त्यांच्याबरोबर धावलो होतो.

डिसेंबरातल्या उन्हाचा प्रश्न मी गिळला.

सौ.नं गवारीची परात उचलली. दारापर्यंत जाऊन थांबली.

"पुढचा भाग कसला आहे?"

"ग्रंथालयाचा. अख्खा ग्रहच ग्रंथालय."

"त्यातही मारतात?"

"मारतात."

"मग राहिलेली गवार उद्या रात्री निवडते," ती म्हणाली.