किडकिडीत माणसाचं कोलेस्टेरॉल

आमच्या केळापूर तालुक्यात कोलेस्टेरॉल हे शेठ लोकांचं दुखणं समजतात. त्यामुळे दादाला 48 व्या वर्षी हार्ट अटॅक आला, तेव्हा पांढरकवड्यात कुणाचा विश्वास बसेना. पऱ्हाटीत राबणारा किडकिडीत माणूस. ‘गॅस झाला असन’ म्हणून तो ओवा चावत बसला होता. नागपूरला अँजिओप्लास्टी झाली. तिथल्या डॉक्टरांनी मलाच धरलं, ‘सख्खे भाऊ ना? तुमचं रक्त तपासलंय कधी?’

माझं रक्त तपासलं: वाईट म्हणतात ते एलडीएल 148, ट्रायग्लिसराइड 262, आणि चांगलं म्हणतात ते एचडीएल फक्त 34. वजन मात्र 61 किलो. डॉक्टरांनी टेप काढून कंबर मोजली, 94 सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला 90 आणि बाईला 80 ही मर्यादा. हातपायांच्या काड्या आणि पोट पुढे, ही आपली ठेवणच. चरबी पोटात, यकृतात साठते. 2004 च्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका साधारण 53 व्या वर्षी आलेला दिसला, इतरांपेक्षा पाचेक वर्षं आधी.

घरात सगळा राग तेलावर निघाला. वहिनीने तर्रीच बंद केली. तरी माझं ट्रायग्लिसराइड हलेना. मग डॉक्टरांनी दिवसभराचं खाणं वदवून घेतलं आणि चोर सापडला: चहा. शाळेत, टपरीवर, कुणाच्याही ओसरीवर, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. वर रात्रीचा भात. साखर-पिठूळ जास्त झालं की यकृत त्याचं ट्रायग्लिसराइड करतं. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेचे नऊ उपवास, म्हणजे साबुदाणा आणि बटाटा. यंदा मी देवीला हात जोडले आणि भाकर खाल्ली. आईने बोलणं टाकलं.

गोळी रोसुव्हास्टॅटिनची. आशियाई माणसाच्या रक्तात ती जास्त चढते, म्हणून मला 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात. माझं एलडीएल 100 च्या खाली आलं तरी चालेल; दादाला झटका येऊन गेलाय, त्याचं 55 च्या खाली हवं. बरं वाटू लागल्यावर त्याने वेचणीच्या धांदलीत गोळी सोडून दिली आणि एलडीएल पुन्हा वर गेलं. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून काही दुखत नाही, खुपत नाही, तिथेच घोळ होतो. आता वहिनी गोळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही.

पुतण्यांचंही रक्त तपासायचं ठरलंय. थोरला जाऊन आला. धाकटा म्हणतो, ‘काका, कापूस विकला की पाहू.’