मॉरिशसहून बालाघाटावर

बीडहून एस.टी.ने मांजरसुंबा, केज करीत अंबाजोगाईला जायचे, तर मृगाचा पाऊस पडून गेल्यावर जावे. बालाघाटाचे माळ तेव्हा नुकतेच हिरवे होऊ लागतात. काळ्या रानात सोयाबीनचे तास दोन-दोन पानांवर आलेले असतात. अंबाजोगाईला लोक योगेश्वरीचे दर्शन घेतात, मुकुंदराजांच्या समाधीवर डोके ठेवतात, हत्तीखान्याची लेणी पाहतात. आम्हा शेतीखात्याच्या माणसांची नजर मात्र वाटेतल्या बांधांकडे जाते.

कारण या बांधांच्या दगडांत एक परका पाहुणा मुक्कामाला आहे. बोटाएवढा लांब, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा शंख पाठीवर घेऊन तो अंधार पडल्यावर बाहेर निघतो. ही शंखी गोगलगाय. 2022 च्या खरिपात बीड, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. रात्री उभे असलेले तास सकाळी नुसत्या देठांवर आले. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. बियाणे, खत आणि घातीचे दिवस, तिन्ही हातचे गेले.

मंडळी, ही गोगलगाय आपल्या मातीतली नव्हे. तिचे मूळ घर आफ्रिकेचा पूर्व किनारा. तिथून ती मॉरिशस बेटावर गेली. शंख-शिंपल्यांचा शौक असलेल्या बेन्सन नावाच्या गृहस्थाने 1847 साली तिथून जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या. त्या चौरंगी भागातल्या एका बागेत सुटल्या आणि पुढे कलमांच्या मातीतून, खताच्या गाड्यांतून देशभर पसरल्या. एकाची हौस, आणि निस्तरायचे आपल्या नातवंडांनी!

मॉरिशस आपल्याला अगदीच परके नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांची घरे आजही तिथे आहेत. त्या बेटावर पूर्वी डोडो नावाचा मोठा पक्षी होता. त्याला उडता येत नसे. बेटावर त्याला शत्रू ठाऊकच नव्हता. 1598 मध्ये डच खलाशी उतरले. माणसांनी पक्षी मारले, जंगल तोडले. आणि त्यांच्याबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी, माकडांनी अंडी-पिले संपवली. शंभरेक वर्षांत डोडो नाहीसा झाला. बेटावरच्या जिवाला पळून जायला दुसरे रान नसते.

त्याहून मोठा धडा पॅसिफिक महासागरातल्या ताहिती आणि मूरेआ बेटांवर मिळाला. तिथेही हीच शंखी गोगलगाय पिके खाऊ लागली. उपाय म्हणून दुसरी, गोगलगायी खाणारी शिकारी गोगलगाय 1974 साली ताहितीत आणि 1977 साली मूरेआत आणून सोडली. तिने मोठीला बाजूला ठेवले आणि झाडांवर राहणाऱ्या बेटाच्या स्वतःच्या इवल्याशा गोगलगायींवर ताव मारला. दहाच वर्षांत मूरेआच्या रानातून त्या संपल्या. काही जाती प्राणिसंग्रहालयात जपून ठेवल्या, म्हणून उरल्या. पिकाचा शत्रू मात्र राहिला तो राहिलाच.

आता म्हणाल, आमच्या गावाभोवती समुद्र कुठला? सोयाबीनच्या शिवारात उभे राहून पाहा. चहूकडे एकच पीक आणि मध्ये बांध, ओढा, दगडांचा ढीग. रानातल्या जिवांची हीच उरलेली बेटे. ज्याला आपण कुंभारकावळा म्हणतो तो भारद्वाज इथेच फिरतो, आणि तो गोगलगायी खातो. काजव्याच्या अळ्याही गोगलगायी खातात. धास्तीने शिवारभर विष फेकले, तर नुकसान या राखणदारांचेच.

म्हणून आधी हात चालवावेत. पेरणीपूर्वी बांधावरचे दगड उलटून लपलेल्या गोगलगायी वेचाव्यात. मातीत साबुदाण्याएवढी पांढरट-पिवळी अंडी दिसली तर नष्ट करावीत. पहिल्या पावसानंतर गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधालगत अंथरावीत. सकाळी त्यांखाली गोगलगायी जमलेल्या सापडतात. त्या हातमोजे घालूनच उचलाव्यात आणि पोरांना नुसत्या हाताने धरू देऊ नयेत, कारण त्यांच्यामार्फत माणसाला रोगाचे कृमी बाधू शकतात. साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात मारून खोल खड्ड्यात पुराव्यात. मीठ रानात टाकू नये. बांधाच्या कडेने कोरड्या चुन्याचा पट्टा ओढावा. एवढ्याने भागले नाही तरच सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापराव्यात. त्या कुत्री, कोंबड्या, गुरे आणि पाखरे यांच्या तोंडी लागणार नाहीत अशा झाकून ठेवाव्यात.

यातली प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते. म्हणजे एकट्याने आपले रान साफ करून भागत नाही. शेजारच्या बांधावर राहिलेली परत येते. पाऊस पडताच सगळ्या गावाने मिळून आठ दिवस संध्याकाळ-सकाळ वेचणी केली, तर पीकही वाचेल आणि बांधावरचा भारद्वाजही. आणि बाहेरून आणलेले कलम रानात लावण्यापूर्वी त्याची माती एकदा चाळून पाहायला विसरू नका.