तीन अक्षरांची भाकर, पाच ठोके

नांदेडला वजिराबादेत टायपिंगच्या क्लासला जायचो तेव्हा ‘स्टेटमेंट’ म्हटलं की पोटात गोळा यायचा. स्पीड हाताच्या सवयीनं येई, लेटर पाठ होई. स्टेटमेंटला, म्हणजे रकान्यांच्या तक्त्याला, मात्र गणित लागायचं. पायकाच्या मशीनवर इंचाला १० ठोके, म्हणजे साडेआठ इंची कागदाला ८५. प्रत्येक रकान्यातला सर्वांत लांब शब्द हुडकायचा, ठोके मोजायचे, बेरीज ८५तून वजा करायची आणि उरलेली जागा रकान्यांच्या मधे वाटायची. मग टॅब लावायचे. त्यात मराठीची मेख वेगळीच. ‘क’ एका ठोक्यात उमटे, पण ‘भ’ला आधी अर्धं अक्षर, मग काना. तीन अक्षरांची ‘भाकर’ पाच ठोके खायची!

रेघा सगळ्यांत शेवटी. कागद काढून, पट्टी धरून, शाईच्या पेनानं. रेघ सरळ उतरली की काम फत्ते. १९९४ला नांदेडात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा मी प्रबंध टाइप करून द्यायचो. एका तक्त्यात मधलाच आकडा राहिला आणि तीन कार्बनांसकट पान फाडावं लागलं. ते दिवस परत यावेत असं मुळीच वाटत नाही.

पुढं कॉम्प्युटर आला, पण अंगठा स्पेसबारवरच राहिला. मशीनवर ठोका पुढं सरकला की सारखाच सरकायचा. कॉम्प्युटरच्या बहुतेक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी निराळी. मोजून दिलेल्या स्पेसही तिथं दगा द्यायच्या. नाव आणि माहितीच्या मधले, स्क्रीनवर नीट वाटलेले कोलन कागदावर वाकडेतिकडे यायचे, फॉन्ट बदलला की आणखी हलायचे.

परवा लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानात पुतणीचा बायोडाटा करायला गेलो. दुकानातल्या पोरानं आधी टेबलच टाकलं, तीन रकान्यांचं. डावीकडे नाव, जन्मतारीख, रास, मामांचं गाव, उजवीकडे माहिती, मधल्या चिंचोळ्या रकान्यात नुसते कोलन. पत्ता लांबला तर आपल्याच घरात खाली उतरला, शेजारच्याला धक्का नाही.

‘‘पहिला रकाना किती रुंद ठेवायचा, हे कसं ठरवलंस?’’

‘‘ठरवायचं काय काका, बसंना तर ओढायचा की.’’

ऐकून हसूच आलं. आम्हाला पहिली कळ दाबायच्या आधी अख्खं पान डोक्यात बसवावं लागे; हा लिहिता लिहिता पान बसवत होता. मामांचं गाव ‘औसा’ऐवजी ‘उदगीर’ झालं होतं, तेही त्यानं जागच्या जागी दुरुस्त केलं.

‘‘आता रेघा काढतो,’’ तो म्हणाला. माझा हात उगाच खिशातल्या पेनाकडे गेला. तेवढ्यात त्यानं सगळं टेबल निवडून ‘नो बॉर्डर’ केलं. रेघा गेल्या, मजकूर तसूभर हलला नाही.

प्रिंट हातात आल्यावर मी आधी कोलनच तपासले, वरून खाली, एकाखाली एक.