त्याच्या कानावर घातलंय

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या आम्हा सगळ्यांना रात्रीची प्रार्थना आठवते. जेवणं उरकली, भांडी पालथी पडली की चटई अंथरली जायची. कंदिलाची वात मोठी करून आजोबा पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचत. अध्याय कितीही लांब असला तरी मधे थांबत नसत, वंशावळ्यासुद्धा गाळत नसत. मग ख्रिस्ती कवी टिळकांचं नाहीतर सांगळ्यांचं एखादं गीत व्हायचं आणि त्यानंतर थोरल्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकानं एकेक पाठ वचन म्हणायचं. पेंगुळलेल्या पोरांची नजर योहानाच्या अकराव्या अध्यायातल्या ‘येशू रडला’ या दोन शब्दांच्या वचनावर असायची. एकानं ते म्हटलं की दुसऱ्याला ते चालत नसे, म्हणून त्यासाठी चढाओढ लागे.

शेवटची प्रार्थना आजीची. ती लांब चाले. आजी शाळेत गेलेली नव्हती. मिशनच्या बायबलबाईंनी तिला अक्षरओळख करून दिली होती, तेवढ्यावर ती बोट ठेवून शास्त्र वाचायची. लिहिणं तिला जमत नसे. त्यामुळे कोणासाठी काय मागायचं याची यादी तिच्या डोक्यातच असायची आणि तिचा क्रम कधी चुकायचा नाही. आधी पाऊस, मग मंडळीतले आजारी, मग पाळकसाहेब आणि शाळेतले मास्तर, मग घरातली मुलंबाळं एकेक करून, आणि सगळ्यांत शेवटी तिचा भाऊ. आम्हा नातवंडांना ती यादी वचनांहून लवकर पाठ झाली. तरी रोज तेच मागताना तिच्या आवाजात कंटाळा आलेला आम्ही ऐकला नाही.

धाकट्या काकांना क्षय झाला तेव्हा त्यांना मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. तेव्हा क्षयाचं औषध म्हणजे महिनोन् महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, आणि त्यानंही भागलं नाही तर फासळ्या काढून ते फुप्फुस दाबून टाकायचं ऑपरेशन. नगरहून मिरजेला जाणं सोपं नव्हतं, पैसाही नव्हता. पोस्टकार्ड यायचं, त्यात वजन किती वाढलं एवढंच लिहिलेलं असे. पोस्टमन आला की घर गोळा व्हायचं. एखाद्या महिन्यात कार्ड आलंच नाही की काकू चुलीपुढे बसून डोळे पुसायची. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, “सांगितलंय त्याला. त्याच्या कानावर घातलंय. आता तू पोरांना जेवू घाल.” आणि स्वतः विळा घेऊन शेताकडे निघायची. नुसतं बसून वाट पाहणारी आजी आमच्या डोळ्यांसमोर येतच नाही. प्रभूच्या कानावर घातलेली गोष्ट आता त्याची, हातातलं काम आपलं, अशी तिची वाटणी होती.

काका परत आले. एक खांदा खचलेला, चालताना दम लागायचा, पण आले. त्या रात्री यादीतून त्यांचं नाव गेलं नाही. आजीनं ते उपकारस्तुतीत घेतलं आणि पुढं कायम तिथंच ठेवलं.

काका मिरजेला होते त्याच दिवसांत आजोबांनी एकदा तो अकरावा अध्याय सबंध वाचला. लाजर आजारी असल्याचा निरोप प्रभूला मिळतो आणि तो लगेच निघत नाही, आणखी दोन दिवस आहे तिथंच राहतो. बेथानीला पोचेपर्यंत लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. आम्ही पोरं जे वचन सुटकेसाठी म्हणत होतो, ते या उशिराच्या गोष्टीच्या ऐन मध्यात आहे हे तेव्हा कळलं. जो मुद्दाम उशिरा आला तोच कबरेकडे जाताना रडला. आम्ही विचारलं, लगेच का नाही गेला तो? आजोबांना बरंच काही सांगता आलं असतं, ते शब्बाथ शाळा घेत असत. ते एवढंच म्हणाले, “लाजराच्या बहिणीनं, मार्थानंही त्याला तेच विचारलं. तूही विचार. त्याला राग येत नाही.” आम्हाला विश्वास शिकवला तो असा. तक्रार करायची तर त्याच्याचकडे करायची, दुसऱ्या दारी जायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सगळ्या महाराष्ट्राला आठवतो. दुष्काळी कामांवर खडी फोडणं, रेशनचा लाल मिलो, सुकडी, टँकरमागे धावणाऱ्या बाया. आमच्या देवळात पावसासाठी उपास आणि प्रार्थना चालू होत्या आणि आभाळ कोरडं होतं. तशात कापणीच्या सणाचा दिवस आला. एरवी या सणाला ज्वारीच्या पायल्या, भोपळे, अंडी, कोंबड्या असं वेदीपुढं यायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. त्या वर्षी कापणीच नव्हती. सण करायचा की नाही यावर पंचमंडळीत वाद झाला. अखेर केला. कोणी खडी फोडल्याच्या मजुरीतलं नाणं आणलं, कोणी ओंजळभर मिलो. एका म्हातारीनं एक अंडं आणलं. लिलावात ते ज्यानं घेतलं त्यानं पैसे भरून परत वेदीवर ठेवलं, मग दुसऱ्यानं घेतलं, त्यानंही परत ठेवलं. शेवटी पाळकसाहेबांनी ते त्या म्हातारीच्याच हातात दिलं. पाऊस त्यानंतरही लवकर आला नाही. तरी आमच्या पिढीला विचाराल तर देवळातला सगळ्यांत भरलेला सण तोच.

आजीच्या भावाचं सांगायचं तर ते या सगळ्याहून अवघड आहे. आजी-आजोबांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी तिचं माहेर तुटलं. भावानं येणं-जाणं बंद केलं. आईच्या मातीलाही तिला कळवलं नाही. पुढं १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्यानंतर भावाच्या घरात बुद्धवंदना सुरू झाली. आता दोन्ही घरांनी जुने देव सोडले होते, दोन्ही घरांनी माणूस म्हणून ताठ उभं राहायचं ठरवलं होतं, तरी उंबरा कोणी ओलांडला नाही. आजी दोनदा जाऊन आली. दार उघडलं नाही.

म्हणूनच घरात लक्ष्मीबाई टिळकांचं नाव निघालं की आजी कान देऊन ऐकायची. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून आजोबा तिला वाचून दाखवत. त्यांचे पती टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांतली ती ताटातूट, मग एकत्र येणं आणि तरीही श्रद्धेच्या बाबतीत लक्ष्मीबाईंनी आपल्या वेळेनं यावं म्हणून टिळकांचं थांबणं, हे ऐकताना आजीला आपला भाऊ दिसत असावा. दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायला त्यांनी आयुष्याची अखेरची कितीतरी वर्षं घातली. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, १९२२ साली त्या स्वतः गेल्या. ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. आजोबा हे सांगायचे तेव्हा आजी मान हलवायची. काही बोलायची नाही.

भाऊ आला नाही. तो गेल्याचं आजीला परक्या माणसाकडून कळलं. त्या रात्री यादीच्या शेवटी ती थांबली, आणि मग भावाच्या मुलांची नावं घेतली. तिला ती कोणाकडून तरी कळलेली होती. मला वाटतं, आम्ही विश्वासाविषयी जे काही शिकलो त्यातलं सगळ्यांत खोल तेच होतं. इतकी वर्षं मागितलेलं मिळालं नाही, पण ते मागता मागता तिच्या मनातला भावावरचा राग कधीच ओसरून गेला होता. दार लावून घेणाऱ्याच्या लेकरांसाठी ती आशीर्वाद मागत होती. आजी तरुणपणी फार रागीट होती असं थोरल्या आत्या सांगतात. आम्ही पाहिली ती आजी त्या रोजच्या मागण्यात घडत आली होती.

आज आमच्यातले कोणी पुण्यात, कोणी ठाण्यात, कोणी शारजाला. रविवारी रात्री मोबाइलवर सगळे एकत्र येतो, आमच्या मुलांपैकी कोणीतरी अध्याय वाचतं. विनंत्या बदलल्या आहेत: व्हिसा, स्पर्धा परीक्षेचा निकाल, केमोथेरपी. हल्ली साक्षीच्या सभांत उठून बोलतात ते ज्यांना मिळालं तेच. ज्यांना अजून मिळालेलं नाही ते मागच्या बाकावर गप्प बसतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. आमच्या लहानपणी काकूनं काका मिरजेला असतानाच देवळात उभं राहून साक्ष दिली होती. नवऱ्याचं काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं. आजवर प्रभूनं सांभाळलं, एवढंच ती बोलली आणि खाली बसली.

मुलं विचारतात, मग आजीच्या भावाचं पुढं काय झालं? आम्ही खरं ते सांगतो: तो आला नाही, आणि त्याची मुलं कुठं आहेत ते आम्ही अजून शोधतो आहोत. मागच्या नाताळात आत्यांच्या नातवानं त्यांतल्या एकाचा पत्ता मिळवला. पत्र टाकलं आहे.