एकाच वर्तुळातले दगड

बर्लिनला जाणारे बहुतेक जण भिंतीचे अवशेष पाहतात, ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी फोटो काढतात आणि परततात. आम्ही दोघांनी एक सकाळ कब्रस्तानासाठी राखून ठेवली होती. संसदेजवळ भुयारी रेल्वेत बसलो, लिश्टेनबेर्गला उतरलो आणि चालत फ्रीडरिक्सफेल्डेला पोहोचलो.

कब्रस्तान कुणाचेही असो, आत पाऊल टाकले की आवाज आपोआप खाली येतो. विटांच्या गोल भिंतीच्या आत मधोमध एक उंच दगड उभा आहे. ‘मृत आम्हांला बजावतात’ अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरले आहेत. भोवती जर्मनीच्या समाजवादी चळवळीतल्या नेत्यांचे दगड आहेत.

या चळवळीची सुरुवात एकीने झाली. लासालने १८६३ मध्ये लाइपझिगला कामगारांची संघटना काढली. बेबेल आणि विल्हेल्म लीबक्नेश्ट यांनी १८६९ मध्ये दुसरा पक्ष काढला. १८७५ मध्ये गोथा शहरात दोन्ही एक झाले. बिस्मार्कने १८७८ ते १८९० अशी बारा वर्षे कायद्याने त्यांच्या सभा आणि वृत्तपत्रे बंद पाडली. पक्ष मात्र वाढतच गेला. १९१२ मध्ये ११० जागा जिंकून तो संसदेतला सर्वांत मोठा पक्ष झाला.

बिस्मार्कला जे जमले नाही, ते आपसांतल्या फुटीने केले. १९१४ मध्ये पक्षाने युद्धखर्चाला मंजुरी दिली. विल्हेल्मचा मुलगा कार्ल त्याच डिसेंबरात संसदेत एकटा विरोधात उभा राहिला. पुढे त्याने आणि रोझा लक्झेंबुर्गने साथीदारांसह कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. १५ जानेवारी १९१९ रोजी दोघांची हत्या झाली. मारणारे सैनिक सोशल डेमोक्रॅट सरकारनेच बंड मोडण्यासाठी बोलावलेले होते. ती जखम कधी भरली नाही.

नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला १९६ जागा मिळाल्या. सोशल डेमोक्रॅटांना १२१, कम्युनिस्टांना १००. बेरीज २२१. पण दोघे एकमेकांनाच शत्रू समजत राहिले. मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध ९४ मते पडली, सगळी सोशल डेमोक्रॅटांची. कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात किंवा भूमिगत होते.

वर्तुळात आम्ही दोन नावे शोधली. कम्युनिस्टांचा थेलमान आणि सोशल डेमोक्रॅटांचा ब्राइटशाइड. संसदेत हे दोघे एका बाजूला बसले नाहीत. ऑगस्ट १९४४ मध्ये दोघांचाही शेवट बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाला.

हे स्मारक पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाने १९५१ मध्ये बांधले. तो पक्षच १९४६ मध्ये दोन्ही पक्ष एकत्र करून बनला होता, पण रशियन लष्कराच्या दबावाखाली. विरोध करणाऱ्या कित्येकांना तुरुंगात जावे लागले. तीही एकी नव्हे.

इत्तेहादवरची भाषणे आम्ही जलशांत पुष्कळ ऐकली आहेत. मशिदीच्या कमिटीवरून वर्षानुवर्षे सलाम बंद झालेले भाऊही पाहिले आहेत. परतीच्या गाडीत आम्ही दोघे फारसे बोललो नाही. मनात ती बेरीज चालू होती: १२१ आणि १००.