दुसऱ्या मजल्याचा बिल्ला

काशीहून परतणारा यात्रेकरू गंगेचा गडू आणतो. पंढरीचा वारकरी बुक्का व चुरमुरे आणतो. या वस्तूंचें बाजारांत मोल फारसें नसतें. परंतु आपण तेथवर जाऊन आलों, एवढी साक्ष त्या देतात. हीच साक्ष पाश्चात्य लोकांनीं धातूच्या बिल्ल्यावर कशी उमटविली आहे, हें पाहण्याचा योग आम्हांस पॅरिस येथें आला.

आयफेलचा मनोरा १८८९ च्या जागतिक प्रदर्शनाकरितां उभारण्यांत आला. त्यास अवघीं २० वर्षें उभें राहण्याची मुभा होती. पुढें बिनतारी संदेशाच्या कामीं तो उपयोगी ठरला, म्हणून १९०९ नंतरही टिकला. त्याचा पहिला मजला जमिनीपासून सुमारें ५७ मीटर उंच आहे. प्रदर्शनाच्या वेळीं तेथें लाकडी मंडपांतून चार उपाहारगृहें थाटलीं होतीं: एक फ्रेंच, एक रशियन, एक फ्लेमिश आणि एक इंग्रज-अमेरिकन पद्धतीचें. पायांखालीं अवघें प्रदर्शन पसरलेलें पाहत लोक तेथें जेवीत असत. १९३७ च्या प्रदर्शनापूर्वीं हे मंडप काढून टाकण्यांत आले.

त्या वेळीं पहिल्या मजल्यावर जाण्यास २ फ्रँक पडत, दुसऱ्यावर ३ आणि शिखरावर ५. रविवारीं दर उतरत. ज्याची जशी ऐपत, तशी त्याची चढाई. आणि म्हणूनच आरोहणाचे स्मारक-बिल्लेही मजल्यागणिक निराळे निघाले. एका बाजूस मनोऱ्याची आकृति, दुसऱ्या बाजूस ‘माझ्या आरोहणाची आठवण’ अशा अर्थाचीं फ्रेंच अक्षरें, व त्यांतच पहिला मजला, दुसरा मजला किंवा शिखर असा स्पष्ट निर्देश. केवळ उपाहारगृहांत जेवून खालीं उतरणाऱ्यासही आपल्या पायरीपुरतें प्रमाणपत्र मिळत असे. मात्र पायरीहून अधिक नाहीं.

आमच्यासमवेत आमच्या थोरल्या आत्याबाई होत्या. पहिल्या मजल्यावर बसून घरून नेलेल्या दशम्या व तिळाची चटणी आम्हीं खाल्ली. नंतर मुलें जिन्यानें व आम्ही पाळण्यानें दुसऱ्या मजल्यावर, सुमारें ११५ मीटर उंचीवर, पोहोंचलों. तेथें कठड्याशीं उभ्या राहतांच आत्याबाईंस घेरी आल्यासारखें झालें. त्यांस एकट्या सोडून शिखर गांठणें कोणाच्याच मनास येईना. मुलें हिरमुसलीं, पण बोललीं नाहींत. “माझ्या पायीं तुमचें राहिलें,” एवढेंच त्या रात्रीं दोनदां म्हणाल्या.

दुसरे दिवशीं शहराच्या उत्तरेस सँ-उआँ येथील जुन्या बाजारांत गेलों असतां एका दुकानीं जुनीं नाणीं मांडलेलीं दिसलीं, व त्यांत १८८९ चे दोन बिल्ले. एक दुसऱ्या मजल्याचा, काळवंडलेला. दुसरा शिखराचा, अद्याप पिवळाधमक. आत्याबाईंच्या मनांतील सल निघावा म्हणून आम्हीं शिखराचा उचलला. त्यांनीं अक्षरांचा अर्थ विचारला व तो आमच्या हातून घेऊन परत ठेविला.

“अहो आत्या, घरीं फ्रेंच कोणास येतें? कोण वाचणार आहे?” आम्ही म्हणालों.

“अरे, कोणी वाचणार नाहीं म्हणून का खोटें न्यावयाचें? उद्यां एखाद्या नातवानें विचारलें, ‘आजी, अगदीं वरून काय दिसलें?’ तर मीं त्यास काय सांगावें? आपण जेथवर गेलों, तेथलाच घे.”

आम्हीं काळवंडलेला बिल्ला घेतला. एका अपुऱ्या राहिलेल्या चढाईची आठवण सव्वाशेंहून अधिक वर्षें कोणीतरी जपून ठेविली होती. त्या अनोळखी माणसास तिची लाज वाटली नसावी, हें त्या क्षणीं आमच्या लक्षांत आलें.

आतां तो बिल्ला आमच्या दिवाणखान्यांतील कपाटांत आहे. पाहुणा आला कीं आत्याबाई तो स्वतः काढून दाखवितात, व आपणांस घेरी आली हेंही हंसत सांगतात. परवां धाकट्या नातवानें विचारलेंच, “आजी, त्याच्यावर काय होतें?”

“तें तूं पाहून ये,” त्या म्हणाल्या, “आणि शिखराचा तो दुसरा बिल्ला तूं आण.”