लाल रेघेखालची उघाडी

गेल्या वर्षी मराठीच्या प्रकल्पासाठी मी ‘आमचा खारेपाट’ हा विषय घेतला. मी गडबचा, विषय शोधायला लांब जावे लागले नाही. ग्रंथालयातील संगणकावर लिहायला बसलो आणि पहिल्याच परिच्छेदात अडखळलो. ‘उघाडी’, ‘खांड’, ‘खारबंदिस्ती’ अशा प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ! जे शब्द ऐकत मी लहानाचा मोठा झालो ते सारे अशुद्ध! खरे सांगतो, लाजच वाटली. मी ‘उघाडी’ खोडून ‘झडप’ लिहिले. रेघ गेली; पण वाक्यातून आमचे गावही गेले.

हे सरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अरे, हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. शब्द नाहीत तर तू घाल!” मला ती थट्टा वाटली. सॉफ्टवेअर हा इंजिनिअरिंगवाल्यांचा प्रांत. कलाशाखेच्या मुलाने तिथे काय दिवे लावायचे?

पण ती थट्टा नव्हती. ज्याची मूळ संहिता कुणालाही वाचता, सुधारता आणि पुढे देता येते ते मुक्तस्रोत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशा कामाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले आणि जगभरच्या अनोळखी माणसांनी त्याला हातभार लावला. शुद्धलेखन तपासणारा ‘हनस्पेल’ त्याच कुळातला. त्यात प्रत्येक भाषेच्या दोन फायली असतात : एकीत शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. ‘बंधारा’चे ‘बंधाऱ्यावर’ कसे होते हे सांगायला इंजिनिअरच हवा असे नाही. व्याकरण जाणणारा माणूस हवा.

उत्साहाच्या भरात मी एका रात्रीत साठ शब्द पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आले : आभार, पण यादी अशी घेता येणार नाही. एका वेळी दहाच शब्द पाठवा. प्रत्येकाचे लिंग, अनेकवचन, सामान्यरूप आणि वापराचे एक वाक्य द्या. आधी कुणी पाठवले आहेत का तेही पाहा. मला राग आला. दोन दिवस ते उत्तर मी पुन्हा उघडले नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांजवळ बसलो. “बाबा, उघाडी म्हणजे नेमकं काय?”

“ओहोटीला उघडते, शेतातलं पाणी खाडीत सोडते. भरतीला खाडीचंच पाणी तिला दाबून मिटवतं. ती सडली की खारं पाणी आत, मग भात गेला.”

आमच्या बांधाला उधाणात खांड गेली, ती आजतागायत बांधली गेलेली नाही. भाताच्या जागी आता कांदळवण आहे. शेत गेले तसे हे शब्द बोलणारेही जातील, हे त्या संध्याकाळी प्रथमच जाणवले.

बाबा पुढे सांगत होते. पूर्वी बांध घालायला सारे मिळून जात. लहान पोराला कुणी उघाडी बसवायला सांगत नसे. तो चिखलाच्या ढेपा पुढे देई. देता देता बांध कसा घालतात ते त्याला कळे.

मला माझ्या उत्तराचा अर्थ तिथे कळला. नवख्याने ढेपेपासूनच सुरुवात करावी. आधी ती वस्तू मनापासून वापरावी. चूक दिसली तर आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे नीट कळवावे. एखादी सूचना मराठीत आणावी, माहितीपत्रकातले अडखळते वाक्य सुधारावे. कुणी दुरुस्ती सुचवली तर तो अपमान समजू नये. आपले काम कुणीतरी लक्ष देऊन वाचले, असे समजावे.

मी दहा शब्द पाठवले. सात घेतले गेले, तीन परत आले.

परवा तोच प्रकल्प उघडला. ‘झडप’ खोडून पुन्हा ‘उघाडी’ लिहिले. रेघ उमटली नाही. ‘खांड’खाली मात्र ती अजून आहे. तिचे काम चालू आहे.